वाय-फायला कुलूप कोणते घालावे?



आज आपण वाय-फायच्या कुलपाविषयी बोलू. कुलूप म्हटले की लोखंडाचे कुलूप डोळ्यांपुढे येते. हे तसले नव्हे. हे दिसत नाही, हाताला लागत नाही. पण घराच्या दाराला कुलूप जितके गरजेचे, तितकेच हेही गरजेचे आहे. ते कोणते घालायचे हे घरधन्याने ठरवायचे असते. आज बहुतेक घरी ते तार जोडायला आलेल्या माणसाने ठरवलेले आहे आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नाही.

आता खेडोपाडी वाय-फाय आले आहे. कुठे केबलवाला जोडून देतो, कुठे फायबरची तार खांबांवरून घरात येते. तार येऊन एका पेटीला मिळते. त्या पेटीला राउटर म्हणतात. पेटीवर बारीक दिवे लुकलुकत असतात. बहुतेक पेट्यांना दोन-चार शिंगेही असतात. तिथून पुढे तार नाही. पुढचे सगळे काम हवेतून चालते.

हवेतून म्हणजे कसे? रेडिओ आपल्या ओळखीचा आहे. केंद्रावरून लहरी निघतात आणि सगळ्यांच्या घरी पोचतात. अमक्याच्या घरी जा, तमक्याच्या घरी जाऊ नको, असे लहरींना सांगता येत नाही. राउटरमधूनही तशाच लहरी निघतात. फरक इतकाच की त्यांची धाव थोडी. मध्ये भिंती असल्या तर दोन-तीन खोल्या, उघड्यावर शंभर-दीडशे फूट. म्हणजे शेजारच्या घरात त्या जातात, मागच्या गोठ्यात जातात, समोरच्या पारावरही जातात. पारावर बसलेल्या माणसाच्या फोनमध्ये तुमच्या पेटीचे नाव दिसते ते याचमुळे.

दुसराही एक फरक आहे आणि तोच महत्त्वाचा. रेडिओ आपण नुसता ऐकतो. वाय-फायवर ऐकताही येते आणि बोलताही येते. पेटीला कुलूप नसले, तर पारावरचा माणूस तुमच्या पेटीतून बोलू शकतो. तो जे बोलेल ते तुमच्या नावाने जाईल. जोडणी घेताना तुम्ही कागद दिले आहेत, सही केली आहे. बाहेरच्या जगाला त्या जोडणीमागे तुमचेच नाव दिसते.

हे आम्ही भीती घालायला सांगत नाही. आपल्याच महाराष्ट्रात असे घडले आहे. २६ जुलै २००८ ची गोष्ट. त्या दिवशी संध्याकाळी अहमदाबाद शहरात एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. पन्नासहून अधिक माणसे दगावली. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला होता. ईमेल म्हणजे इंटरनेटवरून पाठवलेले पत्र. त्या पत्रात धमकी होती. पत्र कुठून आले याचा पोलिसांनी माग काढला. माग निघाला नवी मुंबईत, सानपाडा येथे, एका राहत्या घरात. तेथे कामानिमित्त आलेले एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. पोलीस त्यांच्या दारी आले. संगणक नेले. चौकशीवर चौकशी झाली. शेवटी उलगडा झाला तो असा, की पत्र त्यांनी पाठवलेच नव्हते. त्यांच्या घरचे वाय-फाय बाहेरच्या माणसांनी वापरले होते.

त्याच वर्षी २३ ऑगस्टला असाच एक ईमेल मुंबईत माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वाय-फायवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेला. पुढे २००९ साली मुंबई पोलिसांनी शहरातली उघडी वाय-फाय हुडकायची मोहीमच जाहीर केली.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठले आले बॉम्बवाले? खरे आहे. आपल्या पारावरचा पोरगा फार तर क्रिकेट बघेल. पण गावातही भांडणे असतात. कोणी कोणाला धमकी लिहितो. कोणी एखाद्या लेकीबाळीचा खोटा, घाणेरडा फोटो पसरवतो. कोणी म्हाताऱ्या माणसाचे पैसे फसवून काढतो. यातले काही तुमच्या पेटीतून झाले, तर विचारपूस आधी तुमच्या दारी येणार. तुम्ही निर्दोष आहात हे ठरेलही. पण ठरेपर्यंतचे हेलपाटे कोण घालणार? आणि गावात चार तोंडे बोलतील ती वेगळीच.

तर कुलूप हवे. आता कोणते?

पेटीच्या आत एक पान असते. ते फोनवर उघडता येते. कसे उघडायचे ते पुढे सांगू. त्या पानावर सुरक्षा म्हणजे सिक्युरिटी असा एक रकाना असतो आणि त्याखाली चार-पाच नावे असतात. त्यांतले एक निवडायचे असते. नावे इंग्रजी आहेत आणि ऐकायला रुक्ष आहेत, पण रासायनिक खतांची नावे आपण पाठ केलीच ना? तशीच हीही होतील.

पहिले नाव ओपन. ओपन म्हणजे उघडे. कुलूपच नाही. हे घ्यायचे नाही.

दुसरे नाव डब्ल्यूईपी. हे सर्वांत जुने कुलूप, १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेले. २००१ सालीच जाणकारांनी त्यातली खोट दाखवून दिली. २००७ साली जर्मनीत डार्मस्टाट येथील संशोधकांनी हे कुलूप एका मिनिटाच्या आत उघडता येते असे सिद्ध केले. म्हणजे हे गंजलेले कुलूप. लांबून कुलूप दिसते आणि हिसका दिला की हातात येते. आम्हाला विचाराल तर ते उघड्या दाराहून वाईट. दार उघडे असले तर माणूस निदान सावध असतो.

तिसरे नाव डब्ल्यूपीए. त्यापुढे आकडा नाही. हे २००३ साली घाईने, तात्पुरती सोय म्हणून काढलेले होते. त्याचेही दिवस संपले. टीकेआयपी अशी अक्षरे कुठे दिसली तर तीही याच जुन्या काळातली, तीही टाळावीत.

चौथे नाव डब्ल्यूपीए-२. हे २००४ पासून आहे. पुढे एईएस अशी अक्षरे असली म्हणजे ते पक्के समजावे. हे चांगले कुलूप आहे. आज बहुतेक पेट्यांत आणि फोनांत ते चालते. २०१७ साली बेल्जियममधील एका संशोधकाने यातही एक फट शोधून काढली. पण ती फट बुजवण्याची दुरुस्ती लगेच आली आणि फोन व पेट्या बनवणाऱ्यांनी ती दिली.

पाचवे नाव डब्ल्यूपीए-३. हे २०१८ साली आले. आजचे सर्वांत चांगले हेच.

चौथ्यात आणि पाचव्यात फरक काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. एक चोर आहे असे समजा. तो रात्री येतो आणि तुमच्या कुलपाचा मेणावर ठसा घेऊन जातो. मग आपल्या घरी बसून, दार लावून, निवांत किल्ल्या घासतो आणि त्या ठशावर लावून पाहतो. तुम्हाला काही कळत नाही. कुत्रेही भुंकत नाही. डब्ल्यूपीए-२ मध्ये असा ठसा घेता येतो. तुमचा फोन पेटीला जोडला जाताना दोघांत थोडे बोलणे होते. ते बोलणे हवेतून पकडले की झाला ठसा. मग चोराचा संगणक घरी बसून सेकंदाला लाखो किल्ल्या लावून बघतो. डब्ल्यूपीए-३ मध्ये असा ठसा मिळत नाही. प्रत्येक किल्ली लावून पाहायला चोराला पुन्हा तुमच्या दारात यावे लागते. तेवढा वेळ कोणाजवळ आहे?

मग सगळ्यांनी डब्ल्यूपीए-३ च घ्यावे का? पेटी नवी असेल आणि घरातले सगळे फोन नवे असतील तर जरूर घ्यावे. पण आपल्या घरी सगळेच नवे कुठून असणार? मोठ्या मुलाचा जुना फोन आईकडे येतो, आईचा आजोबांकडे. जुन्या फोनला हे नवे कुलूप उघडता येत नाही. यासाठी दोन्ही नावे जोडलेली एक सोय बऱ्याच पेट्यांत असते. डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ अशी नावे एकत्र लिहिलेली दिसतील. ती घ्यावी. नवा फोन नव्या कुलपाने जाईल, जुना जुन्याने. तीही सोय नसेल तर नुसते डब्ल्यूपीए-२ घ्यावे आणि निश्चिंत राहावे. किल्ली मात्र चांगली हवी. या सगळ्या नावांपुढे पर्सनल आणि एंटरप्राइझ असे दोन शब्द येतात. घरासाठी पर्सनल. दुसरा मोठ्या कचेऱ्यांसाठी आहे.

कुलपाचे झाले. आता किल्ली. किल्ली म्हणजे पासवर्ड.

तुमच्या घरचा पासवर्ड काय आहे? आम्ही गावोगाव पाहतो ते असे. जोडणीवाला येतो. तो घाईत असतो. त्याला अजून तीन घरे करायची असतात. तो विचारतो, “काका, तुमचा मोबाईल नंबर सांगा.” काका नंबर सांगतात. तोच तो पासवर्ड म्हणून घालून टाकतो. काकांना सोपे, त्यालाही सोपे. पुढे पेटी बिघडली तर त्याला पुन्हा विचारावेही लागत नाही.

आता बघा. तुमचा मोबाईल नंबर कोणाकोणाकडे आहे? भावकीत आहे, दुकानदाराकडे आहे, दूध डेअरीच्या वहीत आहे, गावच्या व्हॉट्सॲप गटात तर दोनशे जणांकडे आहे. दाराला कुलूप लावले आणि किल्ली चावडीवर टांगली, असा हा प्रकार.

बरे, ज्याला तुमचा नंबर ठाऊक नाही त्यालाही तो काढता येतो. इस्रायल देशात तेल अवीव नावाचे मोठे शहर आहे. २०२१ साली तेथे इंटरनेट सुरक्षेचे काम करणाऱ्या एका माणसाने एक प्रयोग केला. एक लहान संगणक आणि एक स्वस्त अँटेना घेतली आणि तो शहरभर फिरला. कोणाच्या घरात शिरला नाही, कोणाशी बोलला नाही. रस्त्याने जाता जाता त्याने पाच हजार वाय-फायचे ठसे गोळा केले. मघाशी सांगितला तोच मेणावरचा ठसा. मग घरी बसून किल्ल्या लावून पाहिल्या. पाच हजारांपैकी साडेतीन हजारांहून अधिक कुलुपे उघडली. शंभरातली सत्तर! आणि त्यांतली दोन हजारांहून अधिक कशाने उघडली? नुसत्या मोबाईल नंबराने. तिकडेही काका लोक आपल्यासारखेच.

तो माणूस चोर नव्हता. लोकांना सावध करावे म्हणून त्याने हे केले आणि नंतर जाहीरपणे सांगितले. पण जे त्याला जमले ते चोरालाही जमेल. आपल्याकडचा मोबाईल नंबर दहा आकडी. पहिला आकडा सहा, सात, आठ किंवा नऊ. म्हणजे फार झाले तर चारशे कोटी नंबर. आपल्याला ही संख्या अफाट वाटते. सेकंदाला लाखो किल्ल्या लावणाऱ्या संगणकाला ते एका दिवसाचेही काम नाही. जन्मतारीख तर त्याहून सोपी. आठ आकडी कोणताही पासवर्ड घ्या, त्याचे सगळे मिळून दहा कोटीच प्रकार होतात. ते काही मिनिटांत संपतात.

तेव्हा किल्ली लांब हवी आणि अंदाज न लागणारी हवी. वाय-फायचा पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचा आणि जास्तीत जास्त त्रेसष्ट अक्षरांचा असतो. आठावर थांबू नये. सोळा-वीस अक्षरे असावीत.

इतके लांब लक्षात कसे ठेवायचे? त्याला एक युक्ती आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत. उखळ, बोगदा, कारले, पतंग असे काही. आपण फोनवर मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितो, तसेच हे लिहायचे. उखळाचा बोगद्याशी काय संबंध? काही नाही. म्हणूनच कोणाला सुचणार नाही. आणि उखळात बसून बोगद्यातून कारल्याचा पतंग उडवणारा माणूस एकदा मनात आणला की तुम्ही तो विसरणार नाही. मात्र हेच चार शब्द घेऊ नका. आम्ही ते इथे छापून टाकले आहेत. कुलदैवताचे नाव, मुलांची नावे, गावाचे नाव, बैलाचे नाव, हेही नको. ते सगळ्या गावाला ठाऊक असते.

ज्यांना इंग्रजी अक्षरे अजून जमत नाहीत, त्यांच्यासाठी नुसत्या आकड्यांची किल्लीही चालेल. पण ती लांब हवी आणि आकडे मनाने घ्यायचे नाहीत. मनाने घेतले की माणूस जन्मसालावर नाहीतर गाडीच्या नंबरावर येतो. त्यापेक्षा खिशातल्या तीन निरनिराळ्या नोटा काढाव्यात. प्रत्येक नोटेवर नंबर असतो. त्याचे शेवटचे सहा आकडे घ्यावेत. तीन नोटांचे मिळून अठरा आकडे झाले. ते वहीत उतरून घ्यावेत आणि नोटा बाजारात खर्च करून टाकाव्यात. अठरा आकड्यांची किल्ली शोधायला त्या संगणकाला हजारो वर्षे लागतील.

वहीत लिहिणे धोक्याचे नाही का, असे कोणी विचारतील. नाही. वाय-फायवरचा चोर बाहेरून येतो. तो तुमच्या ट्रंकेतली वही उघडायला येत नाही. पासवर्ड वहीत आपल्या हाताने लिहावा आणि वही जमिनीच्या कागदांबरोबर ठेवावी. पेटीवर किंवा भिंतीवर मात्र लिहू नये.

आता एक मागचे दार. पुष्कळ पेट्यांवर डब्ल्यूपीएस नावाची कळ असते. पासवर्ड न घालता फोन जोडता यावा म्हणून ती केलेली आहे. कळ दाबून जोडणे त्यातल्या त्यात बरे. पण याच सोयीत आठ आकड्यांचा एक नंबरही असतो आणि त्या नंबराने बाहेरून आत येता येते. आठ आकडे म्हणजे खूप झाले, असे वाटेल. पण २०११ साली ऑस्ट्रियातील एका तरुण संशोधकाने यातली गंमत उघड केली. पेटी आठ आकडे एकदम तपासत नाही. आधी पहिले चार तपासते आणि बरोबर की चूक ते सांगून टाकते! उरलेल्या चारांतला शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरूनच ठरतो. म्हणजे चोराला पहिल्या चारांसाठी दहा हजार आणि पुढच्या तिनांसाठी एक हजार, अशा अकरा हजारच खेपा पुरतात. एवढे काम यंत्र काही तासांत उरकते. पुढच्या दाराला चांगले कुलूप आणि मागचे दार असे, तर काय उपयोग? पेटीच्या पानावर डब्ल्यूपीएस बंद करण्याची सोय असते. ती बंद करावी.

आणखी एक किल्ली आहे. ती बहुतेकांना ठाऊकच नसते. वाय-फायच्या पासवर्डाने आपण इंटरनेटवर जातो. पण पेटीच्या आतल्या पानावर जायला वेगळा पासवर्ड लागतो. पेटी नवी असते तेव्हा तो पुष्कळदा अगदी साधा असतो. एकाच जातीच्या हजारो पेट्यांना एकच. ज्याला हे पान उघडता आले, तो तुमचे कुलूपच बदलू शकतो. इतकेच नव्हे, तो रस्त्यावरच्या पाट्याही फिरवू शकतो.

पाट्या फिरवणे म्हणजे काय ते ब्राझील देशात दिसले. २०११ आणि २०१२ या सालांत तेथे सुमारे ४५ लाख घरांतल्या पेट्यांमध्ये चोर शिरले. पेट्यांत मुळातच एक उणीव राहून गेली होती, तिचा फायदा त्यांनी घेतला. चोरांनी पेटीतले एक सेटिंग बदलले. मग माणूस आपल्या बँकेचे नाव टाके आणि पेटी त्याला भलत्याच पानावर नेई. पान हुबेहूब बँकेसारखे. माणूस बिचारा आपला पासवर्ड आपल्या हाताने चोराला देई. आज बँकांच्या पानांना त्यांचे स्वतःचे कुलूप असते आणि अशी फसवणूक पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. तरीही पान उघडताना फोनने धोक्याची सूचना दिली, तर पुढे जाऊ नये हे लक्षात असू द्यावे. पेटीची किल्ली बदलावी. बाहेरून पेटीचे पान उघडण्याची सोय, जिला रिमोट मॅनेजमेंट म्हणतात, ती चालू असेल तर जोडणीवाल्याला विचारून बंद करावी. आणि पेटी बनवणाऱ्यांकडून दुरुस्ती आली, म्हणजे अपडेट आले, तर ते टाळू नये.

काही लोक सांगतात, पेटीचे नाव लपवून ठेवा, म्हणजे चोराला दिसणार नाही. चोराला दिसते. घरच्यांनाच त्रास होतो. नाव लपवू नये, पण नाव साधे असावे. आपले आडनाव, घराचा नंबर, मोबाईल नंबर त्यात घालू नये. कोणी गमतीने पेटीला ‘पोलीस चौकी’ असे नाव देतात. द्यावे, बिघडत काही नाही. चोर भीत नाही एवढेच.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. ती यंत्राची नाही, माणसांची आहे. शेजारचा मुलगा दारात येतो. म्हणतो, “काकू, परीक्षेचा फॉर्म भरायचाय, वाय-फायचा पासवर्ड द्या ना.” काकू कसे नाही म्हणणार? आपल्याकडे तहानलेल्याला पाणी नाकारत नाहीत. विरजण, काडेपेटी, मिठाची चिमूट, सगळे या घरातून त्या घरात जाते. वाय-फायच तेवढे नाकारायचे का? नाकारू नये, असेच आमचे मत आहे. पण माणूस आला म्हणून आपण त्याला थेट माजघरात नेत नाही. ओसरीवर बसवतो. पाणी देतो, चहा देतो. ओसरी त्याची, माजघर आपले.

नव्या पेट्यांत अशी ओसरी करता येते. तिला गेस्ट नेटवर्क म्हणतात. म्हणजे पाहुण्यांचे वाय-फाय. एकाच पेटीतून दोन नावे निघतात. एक घरचे, एक पाहुण्यांचे. दोघांच्या किल्ल्या वेगळ्या. ओसरीवरच्याला इंटरनेट मिळते, पण घरातला टीव्ही, अंगणातला कॅमेरा, घरचे फोन यांच्यापर्यंत त्याला जाता येत नाही. तशी सूचना पेटीच्या पानावर असते, ती चालू ठेवावी. ओसरीलाही कुलूप तेच घालावे, डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३. कारण एक गोष्ट विसरता येत नाही. ओसरीवरून कोणी दगड मारला, तरी तो तुमच्याच घरातून आला असे लोक म्हणतील. बाहेरच्या जगाला ओसरीही तुमच्याच नावाची. तेव्हा ती किल्ली ओळखीच्या माणसालाच द्यावी. घरात लग्न झाले, वऱ्हाड येऊन गेले, की ओसरीची किल्ली बदलून टाकावी. घरची बदलावी लागत नाही, हाच या सोयीचा फायदा.

शेजाऱ्याला तुम्ही सरळ असे सांगू शकता: “बाळा, हा पाहुण्यांचा पासवर्ड. घरचा आम्ही कोणालाच देत नाही.” कोणालाच म्हटले की राग येत नाही. एकाला दिला आणि दुसऱ्याला नाकारला, की भांडण झालेच म्हणून समजा.

आता हे सगळे करायचे कसे? पेटी उलटी करून पाहा. खाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तीवर आकड्यांचा पत्ता असतो. पुष्कळ पेट्यांवर तो १९२.१६८.१.१ असा असतो. मध्ये टिंबे असतात. फोन आपल्या वाय-फायला जोडावा. ज्यात आपण इंटरनेटची पाने उघडतो, त्यात वरच्या पट्टीत हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाइप करावा. पान उघडते आणि नाव व पासवर्ड मागते. तोही चिठ्ठीवर असतो. नसला तर जोडणीवाल्याकडून मागून घ्यावा. तुमच्या पेटीच्या कुलपाची किल्ली मागायला संकोच कसला? काही कंपन्या हेच काम त्यांच्या ॲपमधून करू देतात. मग वायरलेस किंवा वाय-फाय असा शब्द शोधावा आणि त्यात सिक्युरिटी.

पान इंग्रजीत असते. घरात शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याला जवळ बसवावे. त्याने वाचावे, त्याने टाइप करावे. पण काय निवडायचे ते तुम्ही सांगावे. ‘डब्ल्यूपीए-२ आणि ३ एकत्र आहे का बघ. डब्ल्यूपीएस बंद कर.’ असे म्हटल्यावर पोर तुमच्या तोंडाकडे बघत राहील, ते जाऊ द्या. नव्या किल्लीचे चार शब्द तुम्ही काढा आणि वहीत तुम्ही लिहा. जोडणी तुमच्या नावावर आहे.

पासवर्ड बदलला की घरातले सगळे फोन एकदम तुटतात. घाबरू नये, पेटी बिघडलेली नसते. प्रत्येक फोनमध्ये नवा पासवर्ड एकदा घालावा लागतो. टीव्हीत घालताना फार वेळ जातो, कारण रिमोटने एकेक अक्षर शोधावे लागते. म्हणून हे काम बातम्यांच्या किंवा मालिकेच्या वेळी काढू नये. दुपारी काढावे. आणि घरात अंगणाचा किंवा गोठ्याचा कॅमेरा असेल, तर टीव्हीच्या आधी तो जोडावा.